रेटिनायटिस पिग्मेंटोसा

रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्याच्या दृष्टिपटलाचा आनुवंशिक आणि दीर्घकाळ चालणारा विकार आहे. बोलीभाषेत व वैद्यकीय वर्तुळात त्याला संक्षेपाने ‘आरपी’ असे म्हणतात. या विकारात दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशी हळूहळू नष्ट होत जातात. प्रथम अंधारात दिसेनासे होते, मग दृष्टीचे क्षेत्र कडेने आकसू लागते आणि बहुतेकांत अखेरीस समोरचे दिसणेही मंदावते. हा एकच एक रोग नसून साठहून अधिक वेगवेगळ्या जनुकांतील दोषांमुळे उद्भवणाऱ्या विकारांचा समूह आहे. जगात सुमारे ४,००० व्यक्तींमागे एकास तो आढळतो असे मानले जाते. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तीस वर्षांवरील प्रौढांची जी पाहणी झाली, तिच्यात हे प्रमाण सुमारे ७५० मागे एक, म्हणजे बरेच अधिक आढळले.

विकार जिवावर बेतणारा नाही आणि त्यात वेदनाही नसतात. मात्र त्याची वाटचाल दोन-तीन किंवा चार दशकांची असते आणि ती दशके नेमकी शिक्षण, नोकरी, विवाह व अपत्यसंगोपन यांची असतात. त्यामुळे रुग्णाच्या कामधंद्यावर व घरसंसारावर होणारा परिणाम हा या विकाराच्या वर्णनाचा मुख्य भाग ठरतो.

नाव

डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ व नेत्रवैद्य फ्रान्सिस्कस डॉन्डर्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे नाव रूढ केले. त्यापूर्वी १८५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आतील भाग पाहण्याचे उपकरण सिद्ध केले होते. त्यामुळेच जिवंत माणसाच्या दृष्टिपटलावरील काळ्या रंगद्रव्याचे डाग प्रथम दिसू शकले. ‘रेटिनायटिस’ या शब्दाचा अर्थ दृष्टिपटलाचा दाह असा होतो. प्रत्यक्षात या विकारात दाह हे मूळ कारण नसते, म्हणून नाव चुकीचे आहे. परंतु ते इतके रुळले आहे की बदलले गेले नाही. मराठीत त्यास सर्रास ‘रातांधळेपणा’ म्हटले जाते. तोही शब्द अपुरा आहे, कारण रातांधळेपणा हे लक्षण आहे, रोग नव्हे. अ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे होणारा रातांधळेपणा उपचाराने बरा होतो, आरपीमुळे आलेला होत नाही. गाजर, पालेभाज्या किंवा शेवग्याचा पाला खाल्ल्याने फरक पडेल या आशेवर अनेक कुटुंबांची आरंभीची काही वर्षे जातात, ती या एकाच शब्दाच्या दुहेरी वापरामुळे.

दृष्टीतील बदल

मानवी दृष्टिपटलात शलाका व शंकू अशा दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात. शलाकांची संख्या सुमारे १२ कोटी असून त्या मंद प्रकाशात व कडेच्या दृष्टीसाठी उपयोगी पडतात. शंकूंची संख्या सुमारे ६० लाख असून वाचन, चेहरे ओळखणे व रंगज्ञान त्यांच्यावर अवलंबून असते. आरपीमध्ये सामान्यतः शलाका आधी मरतात. शंकू नंतर, बऱ्याचदा पुष्कळ वर्षांनी निकामी होऊ लागतात.

निरोगी माणसास दोन्ही डोळ्यांनी मिळून आडव्या दिशेत सुमारे १८० अंश दिसते. आरपीच्या रुग्णात मध्याभोवतीच्या वलयाकार पट्ट्यात प्रथम खंड पडतो आणि तो पसरत जाऊन शेवटी मध्यभागी लहानसे वर्तुळ उरते. नळीतून किंवा बोगद्यातून पाहिल्यासारखी ही दृष्टी असते. तिचे मोजमाप समजून घेतले तर रुग्णाच्या वागण्यातील अनेक कोडी सुटतात. दहा अंशांची दृष्टी उरलेल्या माणसास हातभर अंतरावर, म्हणजे साठ सेंटिमीटरवर, केवळ दहा-साडेदहा सेंटिमीटर रुंदीचे, तळहाताएवढे क्षेत्र दिसते. तीन मीटरवर ते जेमतेम अर्धा मीटर होते. त्यामुळे तोच माणूस रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचतो आणि पायाशी ठेवलेल्या बादलीला अडखळतो. समोर उभ्या असलेल्या व्यक्तीचा चेहरा त्यास दिसतो, पण हस्तांदोलनासाठी पुढे आलेला हात दिसत नाही. पाहणाऱ्यास हे सोंग वाटते.

दृष्टिक्षेत्र घटत असल्याचे स्वतः रुग्णासही पुष्कळ काळ कळत नाही. गेलेल्या भागाच्या जागी काळा पडदा दिसत नाही, तेथे काहीच नसते, आणि उरलेले चित्र मेंदू जुळवून घेतो. याखेरीज उजेडातून अंधारात किंवा अंधारातून उजेडात गेल्यावर डोळे स्थिरावण्यास फार वेळ लागतो, प्रखर प्रकाशाने दिपतात, आणि कित्येकांना डोळ्यांपुढे सतत ठिणग्या किंवा लुकलुकणारे ठिपके दिसत राहतात. दृष्टी बरीच कमी झालेल्या काहींना नसलेली माणसे, फुले वा नक्षी दिसते. यास शार्ल बोने लक्षणसमूह म्हणतात. हा मानसिक रोग नाही; तथापि लोक वेड्यात काढतील या भीतीने रुग्ण हे घरीही सांगत नाहीत.

निदान

नेत्रतपासणीत दृष्टिपटलाच्या कडेच्या भागात हाडांच्या कपच्यांसारख्या आकाराचे काळे रंगद्रव्य, बारीक झालेल्या रक्तवाहिन्या आणि मेणासारखा फिकट पडलेला दृक्‌चेतेचा शीर्षभाग ही तीन चिन्हे दिसतात. दृष्टिक्षेत्र तपासणी व दृष्टिपटलाचा विद्युतप्रतिसाद मोजणारी तपासणी यांनी निदान पक्के होते. अलीकडे रक्ताच्या नमुन्यावरून जनुकीय चाचणी करता येते, मात्र सर्वच रुग्णांत दोषी जनुक सापडतेच असे नाही.

शाळांमधून होणाऱ्या नेत्रतपासणीत हा विकार सहसा निसटतो. भिंतीवरील तक्त्यातील अक्षरे वाचणे ही मध्यवर्ती दृष्टीची परीक्षा आहे आणि लहान वयात ती दृष्टी शाबूत असते. सहा मीटरवरील शेवटची ओळ वाचणारे मूल कबड्डीत बाजूने येणारा गडी पाहू शकत नाही, मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीशी इतरांवर आदळते, संध्याकाळच्या संमेलनात रंगमंचाच्या पायऱ्या उतरताना पडते. अशा मुलास घरी ‘वेंधळा’ आणि शाळेत ‘धांदरट’ ही विशेषणे निदानाच्या कितीतरी आधी चिकटलेली असतात. दिवेलागणीनंतर घराबाहेर पडण्यास मूल नकार देत असेल, तर ते भित्रे आहे असे ठरवण्यापूर्वी दृष्टिपटलाची तपासणी करून घेणे इष्ट असते.

आनुवंशिकता

हा विकार तीन प्रमुख मार्गांनी पुढील पिढीत जातो. अप्रभावी प्रकारात आई व वडील दोघेही दोषी जनुकाचे वाहक असतात, त्यांची स्वतःची दृष्टी उत्तम असते आणि प्रत्येक अपत्यास विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. प्रभावी प्रकारात आईवडिलांपैकी एकास विकार असतो व अपत्यास तो होण्याची शक्यता ५० टक्के असते; या प्रकाराची वाटचाल बहुधा सौम्य असते. लिंगसंलग्न प्रकारात दोष ‘एक्स’ गुणसूत्रावर असतो. वाहक आईच्या प्रत्येक मुलास तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. बाधित पित्याच्या मुलग्यांना तो होत नाही, मात्र सर्व मुली वाहक होतात. आजोबांचा विकार मुलीला वगळून नातवात प्रकटतो तो याच मार्गाने. हा प्रकार लवकर सुरू होतो व तीव्र असतो. कित्येक रुग्णांच्या घराण्यात पूर्वी कोणासही विकार झालेला नसतो. ‘आमच्या सात पिढ्यांत कोणाला नाही’ हे विधान खरे असले तरी त्यावरून आनुवंशिकता नाकारता येत नाही.

नात्यातील विवाहांचा येथे थेट संबंध येतो. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या जनुकांपैकी सरासरी एक अष्टमांश समाईक असतात, त्यामुळे एकच अप्रभावी दोष दोघांतही असण्याची शक्यता परक्या जोडप्यापेक्षा पुष्कळ वाढते. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रीत आहे; कर्नाटक, आंध्र व तमिळनाडू येथे मामा-भाचीचे विवाहही होत आले आहेत. जमीन घरात राहते, सासर परके वाटत नाही, ही त्यामागची कारणे आजही अनेक घरांत पटणारी आहेत, म्हणून केवळ ‘अज्ञान’ म्हणून या रीतीकडे पाहणे योग्य ठरत नाही. ज्या घराण्यात एका व्यक्तीस आरपी आहे तेथे मात्र नात्यातील नवा विवाह ठरवण्यापूर्वी जनुकीय सल्ला घेणे आवश्यक मानले जाते.

काही रुग्णांत दृष्टिदोषासोबत अन्य विकार असतात. जन्मतः किंवा बालपणापासून श्रवणदोष व नंतर आरपी असे एकत्र आढळल्यास त्यास स्कॉटिश नेत्रवैद्य चार्ल्स अशर यांच्या नावावरून अशर लक्षणसमूह म्हणतात. लठ्ठपणा व हातापायांना जादा बोट यांसह येणाऱ्या प्रकारास बार्डे-बीडल लक्षणसमूह असे नाव आहे. अशर लक्षणसमूहातील कर्णबधिर मुलांचा प्रश्न विशेष अवघड असतो, कारण ती ओठांच्या हालचाली व खुणा पाहून भाषा शिकलेली असतात आणि पुढे ती वाटही अरुंद होत जाते.

कामधंद्यावरील परिणाम

विकाराचा पहिला फटका बसतो तो काळवेळाला. कोणते काम जमते यापेक्षा ते कोणत्या प्रहरी करायचे आहे हा प्रश्न आधी उभा राहतो. कारखान्यातील रात्रपाळी, पहाटेचे दूध काढणे, अंधार असताना होडी समुद्रात लोटणे, ऊसतोडणीसाठी तांबडे फुटण्यापूर्वी फडात पोहोचणे ही कामे, दिवसा उत्तम दिसत असतानाही, हातची जातात. हिवाळ्यात कामाचा दिवस आणखी आखूड होतो. सहा वाजता सुटणाऱ्या कार्यालयातून उन्हाळ्यात एकटा घरी येणारा कर्मचारी डिसेंबरमध्ये सहकाऱ्याचा हात धरल्याशिवाय बसथांब्यापर्यंत जाऊ शकत नाही.

शेतकरी कुटुंबांत याचे एक खास रूप दिसते. महाराष्ट्रात शेतीपंपांना वीज पाळीपाळीने मिळत आली आहे व कित्येक ठिकाणी आठवड्यातील काही दिवस ती रात्री येते. मोटार सुरू करायला विहिरीवर जाणे आणि दारे धरून एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी वळवणे ही कामे अशा वेळी रात्रीच करावी लागतात. आरपी असलेल्या शेतकऱ्यास बांध, पाट, उघडी विहीर आणि साप यांपैकी काहीच दिसत नाही. मग हे काम पत्नीवर, शाळकरी मुलावर किंवा वाट्याने घेणाऱ्यावर जाते. २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना शेतीला दिवसा वीज देण्यासाठी आखलेली आहे. तिचा उद्देश वेगळा असला तरी ज्या गावात दिवसा वीज आली तेथे अशा शेतकऱ्याचे एक मोठे काम त्याच्याकडे परत येऊ शकते.

हाताच्या बारीक कामांचे गणित निराळे आहे. शिंपी, सोनार, घड्याळजी यांची मध्यवर्ती दृष्टी टिकून असेपर्यंत ते सुईत दोरा ओवू शकतात, परंतु मांडीवरून घसरलेली कात्री शोधायला त्यांना जमिनीवर हात फिरवावा लागतो. शिक्षकास फळा व वही दिसते, वर्गाच्या कोपऱ्यात वर केलेला हात दिसत नाही. बँकेतील रोखपालाच्या समोरची नोट दिसते, काउंटरच्या बाजूला उभा राहिलेला ग्राहक दिसत नाही आणि तक्रार येते ती ‘साहेब लक्ष देत नाहीत’ अशी. नजरेतून निसटलेल्या गोष्टीचा अर्थ समोरचा माणूस स्वभावात शोधतो: नमस्कार परत केला नाही म्हणून गर्विष्ठ, अडखळला म्हणून प्यालेला, फाइल समोर असून सापडली नाही म्हणून निष्काळजी. गोपनीय अहवालांतील असे शेरे पुढे बढतीच्या आड येतात.

बाजूचे न दिसणे म्हणजे काय याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेतील लास व्हेगासचे उद्योजक स्टीव्ह विन यांना आरपी असल्याचे सर्वश्रुत आहे. त्यांच्या मालकीचे पाब्लो पिकासो यांचे ‘ल रेव्ह’ हे १९३२ चे चित्र विकण्याचा सौदा २००६ मध्ये १३ कोटी ९० लाख डॉलरना ठरला होता. पाहुण्यांना चित्र दाखवत असताना मागे गेलेले त्यांचे कोपर कॅनव्हासला लागले, चित्र फाटले व तो सौदा मोडला. घराघरांत कपबशीच्या बाबतीत जे घडते तेच येथे पिकासोच्या बाबतीत घडले.

वाहन चालवणे हा सर्वांत नाजूक विषय आहे. भारतात वाहन परवान्यासाठी अर्जदाराने स्वतःच्या शारीरिक पात्रतेचे जे घोषणापत्र भरून द्यायचे असते, त्यात चांगल्या दिवसाउजेडी २५ मीटरवरून मोटारीची क्रमांकपाटी ओळखता येते का, असा प्रश्न असतो. आरपीच्या अनेक रुग्णांना ती ओळखता येते. रातांधळेपणा आहे का, असाही प्रश्न असतो, परंतु उत्तर अर्जदाराच्या प्रामाणिकपणावर सोडलेले असते. ब्रिटनमध्ये आडव्या दिशेत किमान १२० अंश दृष्टिक्षेत्र असण्याची अट आहे. गाडी सोडणे म्हणजे विक्री प्रतिनिधी, रिक्षाचालक, कुरिअर वाटणारा यांच्यासाठी उपजीविका सोडणे असते; त्यामुळे निदान झाल्यावरही काही जण ‘फक्त दिवसा, फक्त ओळखीच्या रस्त्याने’ अशी स्वतःशी तडजोड करून चालवत राहतात. बाजूच्या गल्लीतून धावत आलेले मूल अशा चालकास दिसत नाही. दिवस असो वा रात्र, यात फरक पडत नाही आणि म्हणून ही तडजोड समर्थनीय नाही.

कायदेशीर संरक्षण

पुष्कळ कर्मचारी नोकरी जाईल या भीतीने विकार लपवतात. सरकारी आस्थापनांपुरती ही भीती कायद्याने बरीच निराधार ठरवली आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाच्या कलम ४७ नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास कामावरून काढता येत नसे. सर्वोच्च न्यायालयाने कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार या २००३ च्या निकालात ही तरतूद बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये कलम २० च्या चौथ्या उपकलमात तीच हमी कायम आहे: कर्मचाऱ्यास सेवेतून कमी करता येत नाही, त्याची पदावनती करता येत नाही, तो मूळ काम करू शकत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या व सेवालाभांच्या दुसऱ्या पदावर त्याची बदली करावी, आणि तसे पद नसल्यास अधिसंख्य पद निर्माण करून त्यावर ठेवावे. खाजगी नोकरदारास हे कवच नाही. तेथे समान संधी धोरण जाहीर करण्याचे बंधन आहे, पण चालू नोकरी टिकेल अशी हमी नाही.

दिव्यांगत्व प्रमाणपत्राबाबत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ‘वाचता येते म्हणजे अंध नाही’ असे रुग्णास व काही वेळा कार्यालयांतील कर्मचाऱ्यांसही वाटते. कायद्यातील व्याख्या केवळ अक्षरे वाचण्याच्या क्षमतेवर आधारलेली नाही. चांगल्या डोळ्याचे दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असल्यास, नजर ६/६ असली तरी, ती व्यक्ती अंध या व्याख्येत येते. ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत क्षेत्र असल्यास अल्पदृष्टी या व्याख्येत येते. म्हणून तपासणीस जाताना दृष्टिक्षेत्र चाचणीचा अहवाल सोबत असणे अत्यावश्यक असते. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणाचा, त्यापैकी अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठीच्या १ टक्क्याचा, तसेच प्रवासभाड्यातील सवलतीचा व आयकरातील वजावटीचा लाभ घेता येतो. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला.

घरसंसार

घरातील अपघात क्षुल्लक असतात, पण रोज घडतात. अर्धवट उघडा राहिलेला दरवाजा, वाटेत सरकवलेली खुर्ची, जेवणानंतर जमिनीवर राहिलेली स्टीलची वाटी, उंबऱ्यातील चपला, उघडी राहिलेली कपाटाची फळी यांनी नडग्या व कपाळ सतत दुखावलेले असते. रांगते मूल घरात असेल तर त्यावर पाय पडेल या धास्तीने काही मातापिता पाय न उचलता, घासत चालायला शिकतात. ‘प्रत्येक वस्तू तिच्या जागी’ हा नियम अशा घरात सोयीचा नसून सुरक्षिततेचा असतो, आणि तो पाळण्याचा भार इतर सर्वांवर पडतो. पाहुणे आले, सणवार आले की तो मोडतो.

सामाजिक जीवन संध्याकाळी मंदावते. लग्नाचे स्वागतसमारंभ, गणपतीच्या विसर्जन मिरवणुका, नाट्यगृहातील प्रयोग, कोजागिरीची गच्ची ही सर्व अंधाराशी निगडित आहेत. आरपी असलेली व्यक्ती तेथे जोडीदाराच्या दंडाला धरून जाते व एका खुर्चीत बसून राहते, किंवा डोकेदुखीचे निमित्त सांगून घरी थांबते. जोडीदाराचेही जाणे हळूहळू बंद होते. घरातील भूमिकाही बदलतात. बाजारहाट, बँक, मुलांना शिकवणीहून आणणे ही कामे दृष्टी असलेल्या जोडीदाराकडे जातात. पती रुग्ण असेल तर पत्नीला नोकरी शोधावी लागते, पत्नी रुग्ण असेल तर स्वयंपाकघरात ती काय काय करू शकते याची सासरी रोज अघोषित परीक्षा चालते. तांदूळ निवडणे तिला जमते, कारण ताट समोर असते. शेगडीवरील भांड्याचा बाहेर आलेला दांडा मात्र तिला दिसत नाही. मुले लहान वयातच आई किंवा वडिलांचा हात धरून चालवायला शिकतात. ‘पायरी’, ‘खड्डा’, ‘डावीकडे’ असे शब्द चालता चालता उच्चारण्याची सवय त्यांच्या अंगी इतकी मुरते की इतरांबरोबर चालतानाही ते शब्द तोंडून निघतात.

मदत किती व कशी करावी यावरून तणाव निर्माण होतात. विकार पायरीपायरीने वाढत असल्याने गेल्या वर्षीची योग्य मदत यंदा अपुरी ठरते, आणि न मागता केलेली मदत रुग्णास अपमानकारक वाटते. दर काही वर्षांनी एकेक गोष्ट सोडावी लागते: आधी दुचाकी, मग एकट्याने रात्री बाहेर पडणे, मग वर्तमानपत्र. प्रत्येक वेळी दुःख नव्याने होते. एकदा निदान स्वीकारले की प्रश्न मिटला असे होत नाही. नैराश्याचे प्रमाण या रुग्णांत अधिक आढळते आणि त्यावरील उपचार दृष्टीवरील उपचारांइतकेच आवश्यक असतात.

दोष कोणाकडून आला हा प्रश्न कुटुंबात हमखास उपस्थित होतो. लिंगसंलग्न प्रकारात उत्तर ‘आईकडून’ असे येते व ते सुनेविरुद्ध वापरले जाते. अप्रभावी प्रकारात दोघांचाही वाटा सारखाच असतो, तरीही बोलणी एकटीला बसतात. जनुक कोणी निवडून दिलेले नसते, ही गोष्ट समुपदेशकाने केवळ जोडप्यास नव्हे तर सासूसासऱ्यांसही सांगावी असे अनुभवी समुपदेशक मानतात.

विवाह ठरताना विकार सांगावा की नाही, यावर घरोघरी खल होतो. दिवसा, बैठकीत, समोरासमोर बसून होणाऱ्या दाखवण्याच्या कार्यक्रमात तो सहज लपतो. एका भावंडास विकार असल्याचे कळले की बाकीच्या, विशेषतः बहिणींच्या, स्थळांवर परिणाम होतो हे लपवण्यामागचे खरे कारण असते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १२ नुसार प्रतिपक्षाविषयीच्या महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबत फसवणूक करून संमती मिळवली असल्यास विवाह रद्द करण्यासाठी, फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षाच्या आत, अर्ज करता येतो. कायद्यापेक्षाही, पहिल्या रात्रीच्या प्रवासात किंवा पहिल्या भारनियमनात उघडकीस येणारी गोष्ट लपवून काहीच साधत नाही. याउलट अप्रभावी प्रकार असलेल्या व्यक्तीने नात्याबाहेर विवाह केल्यास अपत्ये बहुधा केवळ वाहक होतात व त्यांची दृष्टी निकोप राहते, ही दिलासादायक माहिती फार थोड्या कुटुंबांपर्यंत पोहोचलेली असते.

उपचार

बहुसंख्य रुग्णांसाठी विकार थांबवणारा उपचार उपलब्ध नाही. आरपीईपासष्ट नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असलेल्या रुग्णांसाठीच्या जनुकोपचारास अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. त्याची किंमत दोन्ही डोळ्यांसाठी ८,५०,००० डॉलर ठरवण्यात आली होती आणि तो एकूण रुग्णांपैकी अगदी थोड्यांनाच लागू पडतो. पूर्ण अंध झालेल्यांसाठी दृष्टिपटलावर बसवायचे कृत्रिम इलेक्ट्रॉनिक साधन अमेरिकेत २०१३ मध्ये मान्य झाले. काही वर्षांतच उत्पादन थांबले व ज्यांच्या डोळ्यांत ते बसवले होते त्यांना दुरुस्तीची सोय उरली नाही. प्रकाशसंवेदी प्रथिनाचे जनुक डोळ्यात सोडून एका अंध रुग्णास टेबलावरील वस्तू ओळखण्याइतकी दृष्टी अंशतः मिळाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. हे संशोधन अद्याप प्राथमिक अवस्थेत आहे.

अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने ऱ्हास मंदावतो असा निष्कर्ष अमेरिकेत १९९३ मध्ये मांडला गेला होता, परंतु रुग्णांची जनुकीय माहिती विचारात घेऊन २०२३ मध्ये झालेल्या फेरविश्लेषणात तो लाभ दिसून आला नाही. अशी मात्रा यकृतास व गर्भास अपायकारक ठरू शकते, म्हणून ती स्वतःहून घेऊ नये. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्यूबातील हवाना येथे शस्त्रक्रिया, ओझोन व विद्युत उत्तेजन यांचा एकत्रित उपचार दिला जाई व जगभरातून रुग्ण कर्ज काढून तेथे जात. स्वतंत्र तपासणीत त्याचा फायदा आढळला नाही. आज ‘मूळपेशी’ या नावाखाली पैसे घेऊन केले जाणारे अप्रमाणित उपचार त्याच जातीचे आहेत. मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून उपचाराची किंमत सहसा घेतली जात नाही, ही ओळखण्याची एक सोपी खूण आहे.

असाध्य म्हणून तपासण्याच सोडून देणे मात्र चुकीचे आहे. या रुग्णांना तुलनेने कमी वयात मोतीबिंदू होतो व तो काढल्यास अनेकांचे दिसणे सुधारते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी येणारी सूजही औषधांनी कमी होऊ शकते.

साधने व पुनर्वसन

शंकू शाबूत असेपर्यंत भरपूर व समान उजेड, पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी, गडद ताटात पांढरा भात अशा साध्या उपायांचा मोठा उपयोग होतो. संगणकावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे अनेकांना सुसह्य वाटतात. एनव्हीडीए हे विनामूल्य पडदावाचक सॉफ्टवेअर व अँड्रॉइड भ्रमणध्वनीतील टॉकबॅक ही सुविधा मराठी मजकूरही वाचून दाखवते. ती दृष्टी असतानाच शिकून घेतल्यास नोकरीत खंड पडत नाही. १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेसह अनेक संस्था अशा प्रशिक्षणाचे काम करतात.

पांढरी काठी घेण्यास रुग्ण सर्वांत अधिक विरोध करतात. थोडेफार दिसत असताना काठी घेणे त्यांना खोटेपणा वाटतो, आणि काठी घेऊन बसमध्ये बसल्यावर भ्रमणध्वनीवर वाचताना दिसले तर सहप्रवासीही तसेच म्हणतात. काठीचा उपयोग मात्र दुहेरी आहे: ती पायाखालचा खड्डा सांगते, आणि धक्का लागलेल्या माणसास तो का लागला हे न बोलता कळवते. बरेच जण घडीची काठी घेऊन ती पिशवीत ठेवतात व अंधार पडल्यावर, गाव किंवा गल्ली ओलांडून गेल्यावर, बाहेर काढतात.